१२ आठवडे, ३० क्रेडिट आणि बेळगावचं मार्क्स कार्ड

खानापूर तालुक्यातल्या एका पालकांनी विचारलं आहे: "मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. मुलगी बेळगावात बीई मेकॅनिकलच्या सहाव्या सेमिस्टरला आहे. कॉलेजात एक कंपनी आली होती. १२ आठवडे जर्मनी, ३० ईसीटीएस क्रेडिट, 'यूजीसीच्या नियमांनुसार', फी ४ लाख ८० हजार. आठवड्यात ५० हजार भरले नाहीत तर सीट जाणार, आणि भरलेले परत मिळणार नाहीत. कॉलेजचा कंपनीशी करार आहे, पत्रकावर प्राचार्यांचा फोटो आहे. माझा भाचा चंदगडला शिकतो. त्याच्या कॉलेजातली मुलं अशीच बाहेर जाऊन आली, त्यांचे क्रेडिट धरले म्हणे. आमच्या मुलीचे धरतील का? सोसायटीचं कर्ज काढू का?"

आधी ५० हजारांचं, कारण तुमच्याकडे आठवडाच आहे. आत्ता भरू नका. एक पत्र हातात यायला हवं, ते आलं तर भरा. ते पत्र कुणाचं आणि त्यात काय असावं ते पुढे सांगतो. आठवड्यात सीट जाते म्हणतात ना, तशा सीटा मी बऱ्याच बघितल्या आहेत. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो की खास तुमच्यासाठी दोन दिवस वाढवून घेतले.

मी २२ वर्षं बेळगावातल्या कॉलेजांत काढली, आधी परीक्षा विभागात आणि शेवटची काही वर्षं परदेशी विद्यापीठांशी पत्रव्यवहार करणाऱ्या कक्षात. त्यामुळे ही गोष्ट मला दोन्ही टोकांनी माहीत आहे: मुलं विमानात बसतात तेव्हाची, आणि परत येऊन खिडकीशी कागद घेऊन उभी राहतात तेव्हाची.

तुमच्या प्रश्नात कंपनी आहे, कॉलेज आहे, प्राचार्यांचा फोटो आहे. विद्यापीठ कुठेच नाही. आणि क्रेडिट धरायचे की नाही हे ठरवणारं घर तेच. आपल्याकडे कॉलेज कितीही नावाजलेलं असो, पदवी विद्यापीठ देतं. इंजिनिअरिंग असेल तर मच्छेच्या ज्ञानसंगममधलं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, बीकॉम-बीएस्सी असेल तर राणी चन्नम्मा विद्यापीठ. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतात. त्याचं बोर्ड ऑफ स्टडीज आणि अकॅडमिक कौन्सिल एखाद्या विषयाच्या बदल्यात बाहेरचा विषय धरण्याचा ठराव करू शकतात. पण तसा ठराव कागदावर हवा, आणि विद्यापीठाच्या नियमाच्या चौकटीत बसायला हवा. प्राचार्य "आमचा करार आहे" म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ असतो की कंपनीशी आमची ओळख आहे. तुम्ही त्याचा अर्थ क्रेडिट मिळणार असा घेता. दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि तरी मुलीचं वर्ष जातं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या एका कॉलेजातून ११ मुलं युरोपात एका सेमिस्टरसाठी गेली होती. फायलीवर शिफारस माझी होती. मी करार वाचला, विम्याचं बघितलं, राहण्याची जागा विचारली, मुलींसाठी वेगळं हॉस्टेल आहे का तेही विचारलं. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणपत्रक, कोण देणार, हे विचारलं नाही. मला वाटलं, एवढं काय विचारायचं, विद्यापीठात शिकणार म्हणजे विद्यापीठच देणार. मुलं परत आली ती कंपनीच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र घेऊन. वर्ग विद्यापीठाच्या आवारातल्या भाड्याच्या हॉलमध्ये झाले होते, शिकवणारी माणसं कंपनीनं तासावर आणलेली होती. कुलसचिव (मूल्यमापन) यांच्या कार्यालयात फाईल गेली तेव्हा तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे मार्क दिले कुणी?" ११ पैकी दोघांनी उरलेले विषय कसेबसे पुढच्या सेमिस्टरसोबत काढले, बाकी नऊ जणांचं सेमिस्टर वाया गेलं. एका मुलाच्या वडिलांनी मला शहापूरच्या बाजारात गाठलं, काहीच बोलले नाहीत, नुसतं बघितलं. ते अजून आठवतं.

आता तुमच्या पत्रकातला आकडा बघू. १२ आठवडे आणि ३० ईसीटीएस. ईसीटीएस म्हणजे युरोपातली क्रेडिट मोजण्याची पद्धत. तिच्यात पूर्ण वर्षाला ६० आणि एका सेमिस्टरला ३० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम, वर्गातले तास, लॅब, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं धरून. म्हणजे ३० क्रेडिटला ७५० ते ९०० तास झाले. १२ आठवड्यांनी भागा. आठवड्याला साडेबासष्ट ते पंचाहत्तर तास. रविवार धरून रोज नऊ ते पावणेअकरा तास अभ्यास, आणि त्याच पत्रकात मागच्या पानावर पॅरिस, प्राग आणि स्वित्झर्लंडची सहल! माणूस एक तर अभ्यास करेल, नाही तर आल्प्स बघेल. तेव्हा एवढ्या वेळात एवढे क्रेडिट कोणतंही विद्यापीठ आपल्या शिक्क्यानं देईल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मग १२च आठवडे का? १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. शेंगेन देशांचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांचा, छोटा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. ९० च्या पुढे गेलं की राष्ट्रीय व्हिसा, आणि त्यासाठी सहसा ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे जर्मनीत राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी अडकवून ठेवायची. सप्टेंबर २०२४ पासून ती महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो आहे. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या शिक्षण व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र आलं, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून घ्यायची. हे सगळं टाळायला कार्यक्रम ८४ दिवसांत कोंबतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. उन्हाळी शाळा अशाच असतात, आणि चांगल्याही असतात. पण मग ती उन्हाळी शाळा आहे असं सांगा. सेमिस्टरचे क्रेडिट म्हणू नका.

जर्मनीतलं खरं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं. वर्ग साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा कधीकधी मार्चपर्यंत जातात. तुमची मुलगी सातव्या सेमिस्टरला तिकडे राहिली तर इकडे आठवं सुरू झालेलं असेल, आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या निघून गेलेल्या असतील. व्हीटीयूला ८५ टक्के हजेरी लागते हे तुम्हाला मुलीनं सांगितलंच असेल. बाहेर असलेल्या दिवसांची हजेरी कशी धरणार, हाही प्रश्न पत्रात घाला.

'यूजीसीच्या नियमांनुसार' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, कंपन्यांना मान्यता देत नाही. मे २०२२ मध्ये यूजीसीनं परदेशी विद्यापीठांशी सहकार्याचे नियम काढले: ट्विनिंग (थोडं शिक्षण तिकडे, पदवी इथली), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार. नॅकचे, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचे, ३.०१ किंवा जास्त गुण असलेली भारतीय संस्था, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरातली, जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारातल्या परदेशी संस्थेशी वेगळी परवानगी न घेता करार करू शकते. ट्विनिंगमध्ये परदेशात मिळवलेले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपर्यंत. आणि त्याच नियमांत स्पष्ट आहे की उघड किंवा आडून, कोणत्याही नावानं फ्रँचायझी चालणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं पुन्हा इशारा दिला, तो एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या, कंपन्या आणि त्यांच्याशी हातमिळवणी करणाऱ्या संस्थांसाठी होता. एप्रिल २०२५ मधल्या परदेशी पदव्यांच्या समकक्षतेच्या नियमांतही फ्रँचायझीतून मिळालेली पदवी बाहेर ठेवली आहे. तुमचा १२ आठवड्यांचा कार्यक्रम यातल्या कोणत्याच प्रकारात नीट बसत नाही. शिवाय सहकार्याच्या त्या नियमांत करार दोन शिक्षणसंस्थांमध्ये असतो. तिसऱ्याची खुर्ची तिथे मांडलेलीच नाही. मग पत्रकावर यूजीसीचं नाव कशाला?

बाहेरची संस्था मधे असणं हेच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत हा धंदा जुना आहे. मुलांना परदेशी शिकायला पाठवणारी सीआयईई ही संस्था १९४७ पासून आहे, तशाच आयईएसची सुरुवात १९५० मध्ये व्हिएन्नापासून झाली. तिथली विद्यापीठं यांच्यामार्फत दरवर्षी पोरं बाहेर पाठवतात, कारण प्रत्येक देशात स्वतःचं ऑफिस उघडणं छोट्या विद्यापीठाला परवडत नाही. संस्था राहण्याची, विम्याची आणि रात्री दोन वाजता आजारी पडलेल्या मुलाची जबाबदारी घेते. पण तिथल्या विद्यापीठांनी यावर नियम बसवले, आणि ते आपल्याला शिकण्यासारखे आहेत. विद्यापीठ स्वतःची मंजूर कार्यक्रमांची यादी ठेवतं. यादीत नसलेल्या ठिकाणी गेलात तर आधी अर्ज, मग परवानगी, आणि नाही मिळाली तर क्रेडिट विसरा. काही विद्यापीठं मुलाकडून आपलीच नेहमीची फी घेतात आणि बाहेरच्या संस्थेचे पैसे स्वतः देतात. यावर तिथे खूप भांडणं झाली, कारण बाहेरचा कार्यक्रम स्वस्त असला तरी पालकांना फी पूर्ण बसते. आणखी एक गोष्ट म्हणजे 'स्कूल ऑफ रेकॉर्ड'. मधली संस्था पदवी देऊ शकत नाही, तेव्हा तिच्या कार्यक्रमाची ट्रान्स्क्रिप्ट देण्याची जबाबदारी एखादं मान्यताप्राप्त विद्यापीठ घेतं. आमच्या त्या ११ मुलांना नेमकं हेच नव्हतं.

तिथेही सगळं सोवळं नव्हतं. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी या धंद्याची चौकशी सुरू केली. संस्था विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना फुकट परदेश दौरे देतात, पाठवलेल्या मुलांच्या प्रमाणात विद्यापीठाला पैसे किंवा सवलत देतात, आणि त्या बदल्यात विद्यापीठ मुलांना त्यांच्याकडेच वळवतं, असे आरोप होते. त्यानंतर हितसंबंध उघड करण्याच्या आचारसंहिता आल्या.

हे वाचून मला हसू आलं होतं, कारण आपल्याकडे यातलं काही नवीन नाही. फक्त आपल्याकडे पैशाच्या आधी नॅक येतं. नॅकच्या फायलीत किती सामंजस्य करार आणि किती मुलं बाहेर गेली हे दाखवावं लागतं. म्हणून करार होतो, बुके दिला जातो, फोटो निघतो. तो फोटो तुमच्या पत्रकावर येतो. तेव्हा प्राचार्यांना नम्रपणे विचारा की या कार्यक्रमात कॉलेजला किंवा कुणा शिक्षकाला कंपनीकडून काही मिळतं का, कुणी त्यांच्या खर्चानं जर्मनीला जाणार आहे का. मुलांसोबत 'समन्वयक' म्हणून सर जाणार असतील तर त्यांचं तिकीट तुमच्या ४ लाख ८० हजारांतूनच निघतं. गेले तरी हरकत नाही, पण आपल्याला कळायला हवं की.

भाच्याची गोष्ट वेगळी. चंदगड म्हणजे शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. घरं वीस-तीस किलोमीटरवर असली आणि दिवाळीला एका पंगतीत बसत असलात, तरी पोरांचे अभ्यासमंडळ दोन, परीक्षा मंडळ दोन, नियम दोन. त्याच्याकडे धरले म्हणून तुमच्याकडे धरतील असं होत नाही. आपल्या सीमाभागातल्या पालकांची ही चूक मी खूपदा बघितली. कोल्हापूरला चुलत्याच्या मुलाला सवलत मिळाली की इकडे तीच अपेक्षा. भाच्याला एवढंच विचारा की परदेशातल्या विषयांची नावं त्यांच्या मार्क्स कार्डावर छापून आली का, की नुसती 'सहभाग' म्हणून नोंद झाली. बरेचदा दुसरंच असतं, आणि घरी सांगताना त्याला 'क्रेडिट धरले' म्हणतात.  

आता ते पत्र. कंपनीकडून नाही, कॉलेजकडून मागा. अर्ज इंग्रजीत करा, कारण तो पुढे विद्यापीठात जाईल. एक प्रत ठेवा आणि आवक क्रमांक घ्या. त्यात विचारा: माझी मुलगी या कार्यक्रमाला गेली तर तिच्या कोणत्या विषयाऐवजी तिकडचा कोणता विषय धरणार, किती क्रेडिटला, आणि ट्रान्स्क्रिप्ट कोणत्या विद्यापीठाची असेल. हजेरीचं काय. एखादा विषय तिकडे नापास झाली तर इकडे त्याची परीक्षा कधी. आणि हे सगळं विद्यापीठाच्या कोणत्या नियमानुसार, नियमाचा क्रमांक लिहा. युरोपातल्या इरॅस्मस या विद्यार्थी-अदलाबदलीच्या कार्यक्रमात यासाठी 'लर्निंग अॅग्रीमेंट' असतं. त्यावर तीन सह्या असतात: विद्यार्थ्याची, घरच्या विद्यापीठाची, तिकडच्या विद्यापीठाची. कंपनीची चौथी जागा त्यात नाही. असा कागद निघाला तर कार्यक्रम खरा आहे असं धरा. "नंतर बघू, आधी सीट पक्की करा" असं उत्तर आलं तर तेच तुमचं उत्तर.

क्रेडिटच्या अदलाबदलीचा हिशेब कॉलेजनं आधी ठरवायला हवा. बीईचे चार वर्षांत १६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला सरासरी २०. तिकडचे ३० म्हणजे इकडचे २०, हा साधा हिशेब. पण विषय जुळले नाहीत तर त्यातले आठ-दहाच हाताला लागतात. ग्रेडचंही आधी ठरवून घ्या. जर्मनीत १.० हे सगळ्यात चांगलं, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. आपल्याकडे दहापैकी दहा चांगले. १.३ मिळवून आलेली एक हुशार पोर आमच्या क्लार्कच्या टेबलाशी उभी होती, आणि तो बिचारा तिला धीर देत होता की जाऊ दे, पुढच्या वेळी अभ्यास कर.

नावाचंही बघून घ्या, हा आपल्या भागाचा खास आजार आहे. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर इनिशिअल, पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर आडनाव आधी. तिकडचं विद्यापीठ पासपोर्टवरचं नाव छापतं. दोन नावं एकाच मुलीची आहेत हे पटवायला मग नोटरी, प्रतिज्ञापत्र आणि तीन महिने. जायच्या आधी दुरुस्त करा.

कराराचं थोडक्यात. ५० हजार परत न मिळणारे असतील तर निदान व्हिसा नाकारला किंवा कार्यक्रम रद्द झाला तरी परत मिळतील असं लिहून घ्या. बिलावर 'शिक्षण शुल्क' लिहिलंय की 'परदेश सहल पॅकेज', बघा, कारण दोन्हींना टीसीएसचा, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणाऱ्या कराचा, नियम वेगळा लागतो. विम्यात वैद्यकीय खर्चाचं किमान ३० हजार युरोचं संरक्षण शेंगेन व्हिसालाच लागतं, पण अपघातात घरच्यांना तिकडे जावं लागलं तर खर्च कुणाचा, हे त्यात असतंच असं नाही. वाद झाला तर न्यायक्षेत्र दिल्ली किंवा गुरुग्राम, असं कलम दिसेल. ते वाचून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो, म्हणजे बेळगावातच.

कर्जाबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. हा कार्यक्रम पत्रकात दिसतो तसाच असेल, तर मी काढणार नाही. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं बहुतेक ठिकाणी फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात बाहेरच्या देशांतल्या मुलांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात, आणि अदलाबदलीच्या करारात गेलेल्यांना तिथेही सहसा माफी असते. मग तुमचे ४ लाख ८० हजार कशाला जातात? राहणं, जेवण, विमान, सहल आणि कंपनी. तुमची मुलगी फौंड्रीच्या गावची आहे, घरात रोज साच्यांची आणि ओतकामाची भाषा ऐकत मोठी झाली आहे. मेकॅनिकलमध्ये तिनं बीई नीट पूर्ण केलं, ए१-ए२ या सुरुवातीच्या पातळ्यांपर्यंत जर्मन शिकली आणि मग तिकडच्या सरकारी विद्यापीठात मास्टर्सला अर्ज केला, तर हेच पैसे तिच्या तिथल्या चार-पाच महिन्यांच्या राहण्याला पुरतात, आणि शेवटी हातात तिथली पदवी असते. कर्ज काढायचंच असेल तर तेव्हा काढा.

तरीही मुलीचा जीव या १२ आठवड्यांत अडकला असेल, आणि वयच तसं आहे, तर सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत बसणारी, थेट विद्यापीठाच्या वेबसाइटवर अर्ज होणारी उन्हाळी शाळा शोधा. क्रेडिट नाही मिळाले तरी काही बुडत नाही, कारण इकडचं सेमिस्टर शाबूत राहतं. कॉलेजकडून पत्राचं काय उत्तर येतं ते कळवा. "बघू" असं तोंडी उत्तर आलं तर अर्जाची आवक प्रत घेऊन मुलीला कुलसचिव (मूल्यमापन) यांच्या कार्यालयात पाठवा. मच्छेला सकाळी लवकर गेलं तर काम होतं, दुपारी जेवणानंतर खिडकीशी कुणी सापडत नाही.